शेकाच्या रेघा

मुलीनं पसंतीच्या यादीत रेडिएशन ऑन्कॉलॉजी सगळ्यात वर टाकलं, तेव्हा दुसऱ्या कुठल्याही बापानं पेढे आणले असते. माझीही हीच शाखा. कॅन्सरच्या रुग्णांना किरणांचे उपचार देण्यात माझं सगळं उमेदीचं वय गेलं. बाप करतो तेच लेकीला करावंसं वाटतं, म्हणजे कौतुकच की. मी मात्र त्या संध्याकाळी जेवलो नाही. पोट बिघडलंय असं सांगून गॅलरीतल्या हिंचक्यावर, झोपाळ्यावर, जाऊन बसलो.

तिचं एमबीबीएस झालं होतं आणि पुढच्या प्रवेशपरीक्षेत नंबर छान आला होता. इतका छान की तिला त्वचारोग मिळत होतं, रेडिओलॉजीसुद्धा मिळत होतं. त्या नंबरावर आमची शाखा कुणी मागत नाही; आमच्याकडे बहुतेक जण दुसरं काही मिळालं नाही म्हणून येतात, मीही तसाच आलो होतो. म्हणजे तिनं ती वर ठेवली तर ती मिळणारच होती. यादी दिवाळीच्या तोंडावरच्या सोमवारी पक्की करायची होती. एकदा पक्की केली की बदल नाही.

माझी बायको निजामपुऱ्यातल्या एका शाळेत शिकवते. तिनं पहिल्याच दिवशी मत देऊन टाकलं. घरात एक माणूस रोज संध्याकाळी येऊन न बोलता भिंतीकडे बघत बसतो, तेवढं पुरे नाही का, म्हणाली. गोत्रीतल्या आमच्या सोसायटीत तर माझं काम नेमकं काय, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. समोरचे गुजराती काका माझ्या तोंडासमोर मोबाईल धरतात, त्यात त्यांच्या गुडघ्याचा फोटो असतो, आणि म्हणतात, "एक्स-रेवाळा साहेब, जरा जोई आपो ने." जरा बघून द्या ना, म्हणून. मी बघतो. सांगणार काय, की मी फोटो काढणाऱ्यांतला नव्हे, जाळणाऱ्यांतला आहे?

तो सगळा आठवडा मी मुलीच्या मागे लागलो. एरवी मी कमी बोलणारा माणूस. माझं एवढं बोलणं तिनं जन्मात ऐकलं नसेल. सांगितलं की ह्या धंद्यात स्वतःची पाटी लावता येत नाही. मशीन जिथं असेल तिथं आपण असतो, आणि मशीन आपलं कधीच नसतं. रुग्ण पाठवतो सर्जन, रुग्णाला आठवतो सर्जन. आपल्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी बरे व्हायला आलेलेच नसतात. हाडाचं दुखणं कमी व्हावं, घास खाली उतरावा, एवढ्यावर समाधान मानायचं. दिवसभर पडद्यासमोर बसून माणसाच्या आतल्या चित्रांवर गाठीच्या कडा काढायच्या, स्कॅनच्या एकेक कापावर, डोळे शिणेपर्यंत.

तिच्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं. कडा काढायला तिला आवडतं. रुग्ण आठवडेच्या आठवडे रोज येतो, ओळखीचा होतो, असं दुसऱ्या कुठल्या शाखेत होतं? भौतिकशास्त्र तिचा आवडता विषय. आणि मग हसून म्हणाली, की बाबा, तू घरी भिंतीकडे बघतोस हे खरं, पण मी तुला पेशंटशी बोलताना पाहिलंय.

एकदा मी म्हणून गेलो की किरणांना रंग नसतो, वास नसतो, आवाजही नसतो. सर्जनचा हात चुकला तर रक्त दिसतं. आपलं चुकलं तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. काही महिन्यांनी दिसतं, आणि तेव्हा ते आपल्यामुळेच झालं असं छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही.

"मग चुकायचं नाही," ती म्हणाली आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

खरं कारण मी सांगत नव्हतो. ती ही शाखा का घेतेय ते मला माहीत होतं. ती आमच्या घरातल्या एका गोष्टीवर वाढली होती, आणि ती गोष्ट खोटी होती.

ही गोष्ट माझे वडील सांगतात. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. वय ऐंशीच्या पुढं, ऐकू कमी येतं, पण दिवाळीच्या पहिल्या फराळाला गोष्ट ठरलेली. त्यांची मोठी बहीण, माझी आत्या, ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली. तेव्हा आम्ही कारेलीबागेत राहायचो. माझी आई नोकरी करायची, त्यामुळे मला न्हाऊमाखू घालण्यापासून पाढे घोकून घेण्यापर्यंत सगळं आत्यानं केलं. तिला म्हातारपणी अन्ननलिकेचा कॅन्सर झाला. मऊ भातसुद्धा उतरेना. तेव्हा मी ह्याच शाखेत शिकत होतो. मी तिला किरणांचा शेक दिला आणि त्या दिवाळीनंतर आत्या वाटी तोंडाला लावून बासुंदी प्यायली.

"मोठमोठ्यांनी आशा सोडली होती," अण्णा म्हणतात, "पण ह्यानं तिला परत जेवायला लावलं."

मध्ये एक हशाची जागाही असते. शेकासाठी मी आत्याच्या छातीवर शाईनं रेघा काढल्या होत्या आणि नरकचतुर्दशीला त्या वेडीनं उटणं लावून सगळ्या घासून काढल्या. इथं सगळे हसतात. स्वतःच्या जन्माआधी गेलेल्या ह्या आत्याआजीवर माझी मुलगीही लहानपणापासून हसत आलेली. गोष्टीत पुढं आत्या सुखानं जाते, एवढंच असतं.

शनिवारी दुपारी रुग्ण संपल्यावर मी मुलीला आमच्या विभागात घेऊन गेलो. वाटलं, ती थंडगार खोली, तो जाड दरवाजा, बाहेरच्या बाकावर विसरलेली कुणाची तरी चप्पल, हे सगळं नीट पाहिलं तर कदाचित मन फिरेल. माझ्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं. ती मात्र पोरासारखी हरखली. "मला झोपून बघू दे," म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत मशीनखालच्या टेबलावर उताणी झोपलीसुद्धा. मी भिंतीवरचे दिवे लावले. हिरव्या प्रकाशाच्या बारीक रेघा तिच्या छातीवर येऊन एकमेकींना छेदल्या. मी तोंड फिरवलं.

ती झोपल्या झोपल्याच बोलली. बाहेर सिस्टरशी तिच्या गप्पा झाल्या होत्या. आता आम्ही शाईवर भागवत नाही; सुईनं मोहरीपेक्षाही लहान ठिपका गोंदतो, जो जन्मभर जात नाही, आणि त्या ठिपक्यांवर प्रकाशाच्या रेघा जुळवतो. हे काम टेक्निशियनचं. सिस्टरनं तिला सांगितलं होतं की तुझे बाबा मात्र ते कुणाला करू देत नाहीत. तापानं फणफणले असले तरी येऊन स्वतः गोंदतात आणि मापं दोनदा घेतात.

"का रे बाबा?"

मी शेजारच्या स्टुलावर बसलो आणि सांगितलं. इथं तसंच लिहितो.

आत्याला कॅन्सर आहे हे आम्ही तिला कधी सांगितलंच नाही. अण्णा म्हणाले, तिला झेपणार नाही, आणि मी मान डोलावली. नळीला सूज आहे, थोडे दिवस विजेचा शेक घ्यायचा, असं तिला सांगितलं. आमच्याकडे तेव्हा सगळ्याच घरांतून शेक हाच शब्द चालायचा. पुष्कळ घरांतून आजही चालतो. सरांनी, म्हणजे माझ्या विभागप्रमुखांनी, माझ्याकडे बघून तिला रांग सोडून आधी घेतलं. बेरियमचं पांढरं पाणी पाजून, पडद्यावर बघून जागा ठरवली. मग तिच्या छातीवर रेघा काढायचं काम माझ्यावर आलं.

जिच्या मांडीवर मी वाढलो ती बाई पोलक्याची बटणं काढून, पदर मुठीत घट्ट धरून टेबलावर पडली होती. डोळे मिटलेले. मलाही वर बघवेना. जांभळ्या शाईनं रेघा ओढल्या. त्यानंतर पट्टी घेऊन गळ्याखालच्या खळगीपासून वरच्या रेघेपर्यंतचं अंतर मोजायचं असतं आणि कागदावर मांडायचं असतं, म्हणजे उद्या रेघ पुसली तरी जागा सापडते. हे पहिल्या महिन्यातला पोरगाही विसरत नाही. मीही विसरलो नव्हतो. पण मोजायचं तर तिचा पदर आणखी थोडा दूर करावा लागला असता. "झालं आत्या, ऊठ," म्हणालो. वाटलं, उद्या मोजू. उद्याही तिनं पदर तसाच धरला. रेघा ठळक होत्या, काम चाललं होतं. राहून गेलं.

शाई पुसू नकोस, एवढं तिला बजावलं होतं. का ते सांगितलं नव्हतं. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. उपचार सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता आणि दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या पहाटे आत्यानं घरातल्या सगळ्यांना तेल लावलं. इतकी वाळली होती तरी तिनं माझी पाठ चोळून दिली. तिच्या हातांची हाडं मला पाठीला लागत होती. मग ती स्वतः आंघोळीला गेली. बंबातलं पाणी घेतल्याचा, उटण्याची वाटी फरशीवर ठेवल्याचा आवाज मी ऐकला. मी डॉक्टर. बाहेर चिवडा खात बसलो होतो आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

ती बाहेर आली ती उजळून.

"सणाच्या दिवशी अंगावर रेघोट्या घेऊन देवापुढं बसू होय रे?" म्हणाली. "सगळी शाई काढली बघ. जाता जात नव्हती मेली."

सगळे हसले. मीही हसलो. असू दे, परत काढू, म्हणालो.

भाऊबीज झाल्यावर विभाग उघडला. करायचं ते सरळ होतं. सरांकडे जायचं, मापं घ्यायची राहिली हे कबूल करायचं, तिला पुन्हा बेरियम पाजून पुन्हा जागा ठरवायची. त्या पडद्याच्या मशीनला लांब रांग होती, तिचे आणखी दिवस गेले असते, पण सरांनी तीही सोय केली असती. मला बोलणी बसली असती, बाकी काही नाही. मी गेलो नाही. पुन्हा ते पोलकं, तो मुठीतला पदर, ते मिटलेले डोळे. अंदाजानं रेघा ओढल्या. टेक्निशियननं नव्या रेघांकडे बघून विचारलं, "सरने बताव्युं?" सरांना दाखवलंस का, म्हणून.

"हा," म्हटलं.

गोष्टीतली बासुंदी खरी आहे. गाठ आक्रसली, घास उतरू लागला, घरात मी देव झालो. होळीच्या सुमारास पुन्हा अडकू लागलं. सरांनी नवा फोटो उजेडासमोर धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले की वरच्या कडेला आलंय, येतं असं. खरंच येतं. त्या आजारात रेघ तंतोतंत असली तरी पुन्हा उगवतं, हे मी तेव्हाही शिकलो होतो आणि पुढं शेकडो वेळा पाहिलं. माझी रेघ खाली सरकली होती का, किती सरकली होती, त्यानंच झालं का, मला आजही ठाऊक नाही. ते ठाऊक नसणं हीच माझी लपायची जागा झाली.

मुलगी टेबलावर उठून बसली होती. हिरव्या रेघा आता तिच्या मांडीवर पडल्या होत्या.

"आत्याआजीला कळलं?" तिनं विचारलं.

इथपर्यंत सांगणं त्या मानानं सोपं होतं. उन्हाळ्यात आत्याला चमच्यानं पाणीही कष्टानं जाऊ लागलं. एका दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. तिनं मला खाटेजवळ बोलावलं आणि विचारलं, "मी शाई पुसली म्हणून का रे झालं हे?"

"आणि तू काय म्हणालास?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"उशी सारखी केली तिची."

नाही म्हटलं असतं तर तिनं पुढं विचारलं असतं, मग कशानं? त्या प्रश्नाला मी इतका भ्यालो की तो यायच्या आधीच गप्प बसलो. तिनं त्याचा अर्थ लावला. म्हणाली, मग माझंच चुकलं बाळा, तू तर सांगितलं होतंस. मी ऐकलं आणि चमचा धुवायला आत निघून गेलो. श्रावणात ती गेली. मधल्या दिवसांत मी रोज तिच्याजवळ बसत होतो. रोज बोलता आलं असतं.

मुलगी टेबलावरून उतरली. दिवे तिनंच बंद केले. आम्ही घरी निघालो. वाटेवर आमची नेहमीची सेव-उसळीची गाडी लागते. ती दिसली की मुलीचा हात आपोआप माझ्या खांद्यावर येतो, थांब म्हणून. त्या दिवशी आला नाही.

आणि माझ्या मनात काय होतं म्हणाल, तर आशा. आता ही शाखा तिच्या यादीतून जाईल, ही आशा. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं होतं, छातीवरचा दगड हलला होता, आणि त्यातही माझं लक्ष सोमवारकडे होतं.

रविवारी ती हिंचक्यावर माझ्याशेजारी येऊन बसली.

"हे मला काल का सांगितलंस बाबा? मी हे घेऊ नये म्हणून?"

मी हो म्हणालो. निदान तेवढं खरं बोललो.

"म्हणजे पुन्हा आत्याआजीलाच पुढं केलंस."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिनं पायानं हिंचका थांबवला, उतरली आणि आत गेली. सोमवारी दुपारी तिनं यादी पक्की केली. रेडिएशन ऑन्कॉलॉजी होतं तिथंच होतं, सगळ्यात वर. आईला म्हणाली की आधी बाबासारखं व्हायचं म्हणून घेणार होते, आता तसं काही नाही, पण काम मला हेच करायचंय. बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला अजून काहीच माहीत नव्हतं.

मग दिवाळी आली. पहाटे आंघोळी झाल्या, फराळाच्या ताटल्या भरल्या, अण्णांना उशी लावून कोचावर बसवलं. त्यांनी सुरू केलं. आत्या, मऊ भात, आशा सोडलेले डॉक्टर. शाईची जागा आली.

"आणि त्या वेडीनं काय करावं?" अण्णा म्हणाले आणि हशासाठी थांबले.

बायको सवयीनं हसली. मुलीनं ताटली खाली ठेवली. ती माझ्याकडे बघत नव्हती. खाली कार्पेटकडे बघत होती, आणि मला कळलं की यापुढं दर दिवाळीला ती अशीच कार्पेटकडे बघणार आहे, किंवा दिवाळीला घरीच येणार नाही.

"अण्णा, तिची चूक नव्हती," मी म्हणालो.

"काय म्हणतोस?" त्यांनी कानामागे हात धरला.

जे एकदा बोलायला एवढी वर्षं लागली ते मला पुन्हा बोलावं लागलं, मोठ्यानं, त्यांच्या कानाशी वाकून. आत्याची चूक नव्हती अण्णा. मापं मी घेतली नव्हती. रेघा मी अंदाजानं काढल्या. तिनं विचारलं तेव्हा मी गप्प बसलो. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता, त्याच्याहून वर आवाज चढवून मी हे बोलत होतो, आणि बायको हातातला लाडू तसाच धरून ऐकत होती.

अण्णांना कळायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. मला वाटलं, आता मला बोलतील. बोलावं असं फार वाटलं.

"जायच्या आधी मला म्हणाली होती ती," ते म्हणाले. "पोरानं एवढं केलं, माझ्या हातून वाया गेलं. त्याला कधी बोल लावू नका."

एवढं बोलून त्यांनी ताटली माझ्याकडे दिली आणि मला आत नेऊन निजवा म्हणाले. त्यांना धरून न्यायला मी उठलो, तर त्यांनी माझ्यापुढून हात नेऊन नातीचा खांदा धरला. ती त्यांना घेऊन आत गेली. मी अण्णांची ताटली हातात घेऊन तिथंच उभा राहिलो.

मुलीला जागा मिळाली, बाहेरगावी. ती जाऊन आता काही महिने झाले. फोन आईला येतो. परवा एकदाच माझ्याशी बोलली, तेही कामाचं. एक म्हातारी पेशंट लाजत होती, नीट मोजू देत नव्हती, तेव्हा काय करायचं, असं विचारत होती. मी म्हटलं, आधी तिला सांग की तुला काय झालंय आणि आपण काय करतोय. मग मोज.

"सांगितलं," ती म्हणाली. "घरचे नको म्हणत होते. तरी सांगितलं."

 कामाचं बोलून झालं तरी फोन तिनं ठेवला नाही. मीही तो कानाला धरून उभा राहिलो.